दुसरं ऊन

जालन्यात, मोंढ्याकडं वळताना
तीन वर्षांची बकुळ.
साल फाटलेली, वीतभर, उभी.

कुणी म्हणालं बुरशी, कुणी शेळीवर घेतलं.
पालिकेचे खाजामियाँ
गुडघ्यावर बसले, काहीच बोलले नाहीत.
अळीचं भोक शोधलं. नव्हतं.
भुसा नाही, डिंक नाही, दाताची खूण नाही.
जखमेच्या काठाला नखानं खरवडलं:
आत ओलं, पोपटी.
मधे मात्र सुकं लाकूड,
टिचकीला रिकाम्या डब्यासारखं वाजणारं.

"उन्हानं भाजलंय.
पण ऊन भाजतं मावळतीकडून.
ही तर उगवतीची बाजू."

मग आम्ही चहा घेतला, नुसते थांबलो.
चारच्या सुमारास
रस्त्यापलीकडच्या नव्या पतपेढीच्या काचा पेटल्या
आणि बकुळीला
दोन सावल्या पडल्या.

वहीत रोगाचं नाव लिहायचा रकाना होता.
त्यांनी पतपेढीचा पत्ता लिहिला.

खोडाला गोणपाट गुंडाळलं.
मी सुतळी आवळायला लागले तर हात धरला,
"दोन बोटं जाऊ द्या ताई.
अजून जाड व्हायचंय तिला."