तमादाचा घसा

अन्झोर आले ते खाकरतच.
दारात खाकरले, टोपी काढताना खाकरले,
नाव सांगण्याआधी दोनदा.
कुताइसीत या माणसाला नाव सांगावं लागत नाही.
तीस वर्षं मेजवानीच्या टोकाशी बसून
ह्यांनीच आमच्या प्याल्यांना शब्द दिले:
द्राक्षांसाठी, पुलासाठी, परमुलखात गेलेल्या लेकरांसाठी,
आणि उभं राहून, गेलेल्यांसाठी.

वडिलांच्या चाळिसाव्या दिवशी मला रडू येत नव्हतं.
हे वडिलांच्या मोडक्या सायकलीवर चार वाक्यं बोलले,
आणि मी रडले.
त्यांना ते आठवत नसणार. मीही काढलं नाही.

आता आवाज चाळणीतून सांडल्यासारखा.
"काहीतरी अडकलंय इथे," कंठमण्यावर बोट,
"गिळलं तर जात नाही, थुंकलं तर येत नाही."
मग खिडकीतून रिओनीकडे बघत,
"भावाचंही असंच सुरू झालं होतं."
पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

नाकात बधिरतेचा फवारा,
मग काळी नळी, वेलीच्या कोवळ्या फांदीएवढी.
"पडद्याकडे बघू नका."
ते बघतात. सगळेच बघतात.

पांढऱ्या उजेडात नुसती लाली.
लाल काहीही असू शकतं:
ओरडणं, सिगारेट, सर्दी,
किंवा ते, ज्याचं नाव आम्ही दोघं घेत नव्हतो.

बटण दाबलं.
लाल मावळला. उरले निळा आणि हिरवा,
दोनच रंग, पण
रक्ताची वाट अचूक ओळखणारे.
वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी उमटल्या,
खोलातल्या शेवाळी.
मी आधी ठिपके शोधले,
स्वरतंतूंवर मोहरी सांडल्यासारखे ते ठिपके.
डावा तंतू. उजवा. पुन्हा डावा.

नव्हते.

माझ्या घशातला आवंढा उतरला तेव्हा कळलं
की तो मी धरून ठेवला होता.

मागच्या कोपऱ्यात मात्र,
अन्ननलिकेच्या उंबरठ्यालगत,
सूज होती, आणि केशवाहिन्यांची दाटी.
रोज रात्री कुणीतरी पोटातून वर येत होतं,
पाय न वाजवता,
आंबट हातांनी दार चाचपून परत जात होतं.

"ईऽऽ म्हणा."
घोगरं निघालं, पण लांबलं.
शेवटी सवयीने किंचित वर नेऊन सोडलं,
प्याला उचलण्याआधी सोडतात तसं.

नळी काढली. त्यांनी डोळे पुसले.
"बहुतेक पोटातलं आम्ल आहे," मी म्हणाले.
"एकट्या चित्रावरून शपथ घेता येत नाही.
तीन महिने औषध घ्या, मग पुन्हा बघू.
उशिरा जेवण नाही. जेवून लगेच आडवं होणं नाही.
खाटेची उशाकडची बाजू वीतभर वर. आणि वाइन..."

ते हसले. खाई त्याला खवखवे, तसलं हसू.
"तमादाला म्हणतेस रात्री जेवू नको?
मग पाद्र्याला सांग, मेणबत्ती लावू नको."
"बोला हवं तितकं," मी म्हणाले,
"भरल्या पोटी निजू नका, एवढंच."

टोपी घातली. दाराशी खाकरायला आले,
हात तोंडाशी गेला,
पण त्यांनी नुसता आवंढा गिळला, मी सांगितला होता तसा.
मग वळून म्हणाले:
"ती सायकल. शेवटी कुणाला दिलीत?"

मी सांगायला तोंड उघडलं.
आधी मला खाकरावं लागलं.