तिरपी रेघ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, कुडक्याल शेठच्या टॉवेल कारखान्यात
माळ्यावर एक खोली. कूलर आहे, पण त्यात पाणी पडतं
नळाला येईल त्या दिवशी. म्हणजे शुक्रवारी.
तिथं बसून मी दोन सॉफ्टवेअर एकमेकांना बांधते.
एकात गिऱ्हाइकं, एकात कामं.
मधे एजंट. त्याला अजून नाव दिलेलं नाही.

नायना वहिफणीवर होते, चाळीस वर्षं.
संपलेल्या बीमचं टोक, नव्या बीमचं टोक,
बोटाला राख लावून, पीळ देऊन जोडायचे,
चोवीसशे धागे, एका पाळीत.
त्यांची वही सुताची, फणीमागची.
माझी वही बिराजदार काकांची, लाल कापडी पाठीची,
महिनाभर मी ती कीबोर्डवर उतरवतेय.

"तू काय करतीस नेमकं?"
सांधणी, म्हणते मी.
"किती धागे?"
सहाशे बारा गिऱ्हाइकं, प्रत्येकाचे अठरा रकाने.
ते बोटांवर काहीतरी मोजतात.
"आन् राख?"
टोकन असतं, नायना. दर तासाला संपतं, नवं घ्यावं लागतं.
ते मान हलवतात, राखेचंही तसंच होतं म्हणून.

हुबळीच्या लॉजवाल्याचा मेसेज येतो :
मागच्यासारखेच, पण किनार निळी.
एजंट वहीत शिरतो, मागचे म्हणजे कुठले ते शोधतो,
पाटीवर काम टाकतो : निळं सूत, तीनशे डझन, जॉबर सिद्राम.
सिद्राम खिशातून मोबाईल काढतो,
"हे कोण सांगालंय बे मला?"
पण सूत चढवतो.

इथवर बरं चाललं होतं.
अडलं ते रेघेपाशी.

काकांच्या वहीत काही नावांपुढे एक तिरपी रेघ.
निजामाबादच्या गड्डमवार बाई, उदगीरचे खानावळवाले,
अशी एकेचाळीस. तिच्यासाठी रकानाच नव्हता.
मी 'इतर'मध्ये ढकलली.
एजंटानं थकबाकी काढली, फोनची कामं पाडली,
आणि त्या एकेचाळिसांपाशी थबकून
एक काम आपणहून उघडलं :
रेघेचा अर्थ बिराजदार यांना विचारणे.
जबाबदार व्यक्ती : सापडली नाही.
काका मार्चातच निवृत्त झाले, त्यांचं खातं कुणी काढलंच नव्हतं.
रोज सकाळी नऊला ते काम वर यायचं, लालभडक होऊन.

शेवटी मीच गेले, रविवारी, जुळे सोलापुरात.
रेवणसिद्ध बिराजदार बनियनवर शेंगा फोडत बसलेले.
झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा पुसला,
बराच वेळ बघितलं, मग खो खो हसले,
"अगं, पेन चालतंय का नाय ते बघत होतो की!"

एक शेंग. दुसरी शेंग.

"सगळ्याच तसल्या नव्हं पण.
काही रेघा माणसांच्या हायत.
ह्यांना पैशासाठी फोन करायचा नाय, अशा."
कुठल्या, काका?
कागद उजेडाला धरला, आडवा केला, उभा केला.
"आता शाई सगळी सारखीच दिसालीय."

शेठ म्हणाले, एकेचाळीस नावं, साडेनऊ लाख. पुसून टाक.
मी हो म्हटलं आणि एकोणिसावा रकाना काढला.
एजंटाला साध्या मराठीत लिहिलं :
रेघ असेल तर फोनचं काम पाडू नकोस. आधी माणसाला विचार.
कुठल्या माणसाला, तिथं बोट अडलं.
शेठचं नाव घालवेना. माझं घातलं.

रात्री नायना जेवता जेवता म्हणाले,
तुटलेला धागा चालत्या मागावर जोडू नये, बोट जातं.
मी काही विचारलंच नव्हतं.

आज सकाळी पहाटे तीन-दहाची नोंद वाचली :
गड्डमवार. चौदा हजार दोनशे. रेघ आढळली. थांबलो आहे.

खाली माग खडखडत होते.
मी बाईंचा नंबर लिहून घ्यायला कागद ओढला,
पेन उमटेना,
म्हणून कोपऱ्यात एकदा तिरपं ओढून बघितलं.