फुजीच्या पायथ्याचा पोपट

हाचिनोहेतल्या एका घरात, संडासाच्या दाराला आतून
तीन कागद चिकटवलेत:
दोनचं वर्गमूळ, तीनचं, पाचचं.
पहिले दोन नानाला कधीच पाठ झाले.
(आपल्याकडचे नाना नव्हेत. ही पंधरा वर्षांची,
परीक्षेला सहा दिवस उरलेली,
नखं कुरतडून संपवलेली मुलगी.)

तिसऱ्या कागदावर बापाचं अक्षर,
बोट हलत असताना काढल्यासारखं:
फु जी सान रोकु ओ मु ना कु.
दोन दोन तीन सहा शून्य सहा सात नऊ.
तिकडे आकड्यांना असे तुटके उच्चार असतात,
ते जोडले की वाक्य होतं:
फुजीच्या पायथ्याशी पोपट ओरडतो.

"तिथं पोपट असतात?" लहानपणी तिनं विचारलेलं.
"नसतात. म्हणून तर विसरत नाही."

बाप माकुलांच्या बोटीवर, दिव्यांच्या माळेखाली, दूर.
आई कारखान्यात तीच माकुलं चिरते,
घरी येऊन "झोप आता" म्हणते
आणि स्वतःच स्टोव्हसमोर बसल्या बसल्या झोपते.
बाहेर बर्फ. आत पोपटपंची.

बुधवारी रात्री फोन लागला. खरखर, वारा.
"बाबा, नाकु म्हणजे ओरडणं की रडणं?"
"लिहायला वेगळं, ऐकायला एकच."
"आणि तो रडल्यावर पुढं काय?"
"पुढं कुणी केलं नाही. कॅल्क्युलेटर काढ."

सात सात चार. नऊ नऊ सात.
सात म्हणजे ना. सात सात म्हणजे
ती थांबली.
"ना ना यो," बाप म्हणाला. "अगं नाना.
कु कु, हे तुझं मुसमुसणं.
आणि शेवटचा ना, म्हणजे नको."
"हे व्याकरणात बसत नाही."
"बोटीत बसतं," तो म्हणाला, आणि रेंज गेली.

मार्चमधला पेपर. प्रश्न चौथा, शंकूची उंची.
खाली बारीक अक्षरात:
पाचचं वर्गमूळ २.२३६ धरा.

म्हणजे पोपट झाला की!
तीन हिवाळे घोकलेलं
त्यांनी आयतं छापून दिलेलं.

पण २.२३६ म्हणजे नुसता पायथा.
पोपटाच्या अलीकडेच त्यांनी आकडा तोडलेला.
त्या वर्गातल्या चाळीस जणांना
पायथ्यापर्यंतच जायचं होतं.
तिनंही उंची काढली, एकक लिहिलं, खाली रेघ मारली.

मग पेन्सिल ठेवून
खिडकीच्या धुरकट काचेवर बोटानं
नऊ नऊ सात लिहिलं
आणि पर्यवेक्षक वळायच्या आत
बाहीनं पुसून टाकलं.