मोर्तब

या. त्या कोपऱ्यात नको, तिथं भिंत पाझरते.
पुण्याहून टांग्यानं आलात म्हणजे
खंबाटकीत हाडं खिळखिळी झाली असतील.
पाणी घ्या. यवतेश्वराकडून येतं, गार असतं.

निळा रुमाल आधीचा.
तांबडा शेवटच्या तीन वर्षांचा,
संस्थान खालसा झालं त्यानंतरचा.

तुम्ही तांबडाच आधी सोडलात. भिंग काढलंत.
'सत्तरीतलं अक्षर, आणि कुठं कापरं नाही!
अंताजीपंत म्हणजे पोलादी मनगट.'

मी पदर सारखा केला. बोलले नाही.

मोडीत आधी रेघ ओढतात,
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
दोरी बांधावी तशी.
मग तिच्यावर अक्षरं वाळत घालायची.
आबांनी हे शिकवलं तेव्हा मी तेराची,
सासरहून परत आलेली, डोकं नुकतंच भादरलेलं.
आत्या कडाडली,
पोरीच्या हाती बोरू दिला की नवरा जातो.
आबा म्हणाले,
तो गेलाच आहे, ताई. आता बोरू तरी राहू दे.

मग एका पहाटे त्यांचं उजवं अंग गेलं.
ज्या हातानं चार तहांचे मसुदे केले
तो हात मी रोज धुऊन, पुसून
उशीवर ठेवायची,
कुणी विसरून गेलेली वस्तू ठेवावी तसा.

बाहेर कळता कामा नये.
कारभाऱ्याचा हात पडला म्हटल्यावर
साहेबानं लखोटासुद्धा फोडला नसता.
म्हणून त्यांच्या 'स'ची शेपटी शिकले.
ओळ संपत आली की अक्षरं दाटीनं कोंबायची
त्यांची खोड शिकले.
इतकी, की वाण्याची यादीही
तशीच लिहू लागले. अजून लिहिते.

आता तुम्ही ज्या पत्रावर थांबलात, ते.

वाड्यावरचे दोनशे बारा लोक,
हुजरे, भालदार, पाणके, मशालजी,
सात महिने बिनपगारी.
साहेबाचा निरोप होता,
मागच्या पत्रातल्या भाषेची आधी माफी मागा,
मग अर्जाचं बघू.

आबा जड जिभेनं म्हणाले,
'लिही. चुकलो. क्षमा असावी.'

मी बोरू बुडवला.
चुकलो असं लिहिलं नाही.
लिहिलं,
'या लोकांनी आपले मीठ खाल्ले नाही,
सबब त्यांची भूक आपणांस ठाऊक नसावी.'
आणि वाळू टाकली.

वाचून दाखव असं म्हणाले नाहीत.
डाव्या हातात कागद घेतला.
खाली हौदावर कुणाची तरी घागर
बुडबुडत भरत होती, ती भरून निघून गेली
तरी ते वाचतच होते. दोन ओळी.
मग म्हणाले, शिक्का आण.

लोकांना एक पैही मिळाली नाही.
आमची नेमणूक एकशेवीसवरून पन्नासवर आली.
त्या वर्षी माघात सटवा मशालजी
दारापर्यंत आला, उभा राहिला,
काही न मागता परत गेला.
त्याच्या धाकटीचं मला नंतर कळलं.
एक शब्द लिहिला असता तर?
चाळीस वर्षं मी तो शब्द
मनात लिहून बघते, खोडते.

तुम्ही मात्र ती ओळ मोठ्यानं वाचलीत,
वहीत उतरवून घेतलीत.
'बाई, हे वाक्य सोन्याचं आहे.
तुमचे वडील या एका वाक्यानं राहतील.'

राहू देत.

मग तुम्ही भिंग खाली नेलंत,
भुवई चढवलीत.
'शिक्का तेवढा वाकडा पडलाय.
कुणा नवशिक्या कारकुनाचं काम असावं.'

आता मात्र मला राहवलं नाही.
'नाही,' म्हणाले,
'तेवढा त्यांच्या हातचा आहे.'