कानातली खूण

पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी वीज गेली,
अर्ध्या मिनिटात आली.
टोर्सहाव्नच्या बंदरात कुणाची कूससुद्धा बदलली नाही.
मत्स्यखात्याच्या तळघरात मात्र
एक डिस्क तेव्हा एक वाक्य लिहीत होती
आणि ते क्रियापदाच्या अलीकडेच तुटलं.

तुटलेल्याचं काही नाही.
तुटण्याची तयारी ठेवूनच लिहितात ती वाक्यं,
आधी रोजकीर्दीत, मग वहीत.
सुन्वा आली तोवर ते जोडून झालेलं.
तिनं ओला कोट खुर्चीवर टाकला, पाहिलं,
तर पडद्यावर दुसरंच, तिच्याच हातचं वाक्य :
ब्लॉक ४०९१७. शहानिशा झाली नाही. वाचणार नाही.

हानुस जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली.
एकोणीस वर्षांच्या कॉड माशांच्या नोंदी आहेत त्यात,
लांबी, वजन,
कानातल्या इवल्या खड्यावरची वर्षावर्षाची वलयं.
"काल उघडत होतं की!
सोमवारी तू ते नवीन तपासणं घातलंस, आणि आज..."

"काल उघडत होतं," ती म्हणाली.
"काय उघडत होतं, ते विचार."

सांदॉय बेटावर तिचा बाप, ओसुर,
मेंढी गुडघ्यांत धरायचा
आणि बघायचाही नाही.
अंगठा कानावरून फिरे :
डाव्याच्या टोकाला दोन खाचा,
उजव्याच्या मागल्या कडेला अर्धा चंद्र.
आपली. सोड. पुढची.

एका शरदात एक मेंढी अशीच आली,
खाचा चोख, चंद्र चोख, अंगावर ओरखडा नाही.
त्यानं तिला बाजूला काढलं.
नऊ वर्षांची सुन्वा म्हणाली, आपलीच तर आहे.
"आपलीच. पण उत्तरेच्या कुरणातली.
इथे आली कशी?"
आणि कातरायचं टाकून तो चालत गेला
पाच किलोमीटर, वाऱ्याच्या तोंडावर,
पडलेलं कुंपण शोधायला.

४०९१७.
पहिल्या चार अक्षरांची खूण : बरोबर.
चेकसम : शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो.
एक बिटही फुटलेला नाही.
फक्त पोटात, जिथे प्रत्येक ब्लॉक
स्वतःचा पत्ता स्वतःच वागवतो,
तिथे लिहिलंय ४०९७१.

धडधाकट, प्रामाणिक,
दुसऱ्याच्या घरात दिवा लावून बसलेला.
आणि तारीख? मार्चमधली.
आज ऑक्टोबर.
वीज बिचारी उगाच बदनाम झाली.
तिनं फक्त सगळं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

हानुस खाली बसला, खुर्ची न शोधता, पायरीवरच.
सात महिने तो वरच्या मजल्यावर
कॉड म्हणून जे मोजत होता
ते हॅडक होते.
आकडे सगळे खरे.
कुठल्यातरी माशाचे खरे.
"मला काहीच कसं खटकलं नाही?" तो म्हणाला.
तिनं उत्तर दिलं नाही.
बेरीज जुळली की माणूस पान उलटतो,
तीही उलटायची, सोमवारपर्यंत.

दुपारी टेपवरची जुनी प्रत आली,
४०९१७ आपल्या जागी परतला,
हानुस वर गेला, दार हळू लावून.

मग कुणी सांगितलं नसताना
सुन्वानं ४०९७१ उघडून पाहिला.
मार्चमध्ये जे इथे यायचं होतं आणि आलं नाही,
त्याच्या जागी काय आहे?

फेब्रुवारीचं पान.
खूण बरोबर. बेरीज बरोबर.
पत्ताही बरोबर : ४०९७१, मी इथलाच.
फक्त शिळं.
कुणी आपल्याला बदलायला निघालं होतं
हे त्याला ठाऊकच नाही.

तिच्या तिन्ही प्रश्नांना
ते निमूट, नजर न चुकवता उत्तरं देत होतं.

ती बराच वेळ अंगठा बोटांवर फिरवत राहिली.
मग रिकामी फाईल उघडून
चौथा प्रश्न लिहायला घेतला,
आणि तो त्या ब्लॉकला विचारून चालणार नव्हता,
ज्यानं त्याला धाडलं त्याला विचारायला हवा होता.

कॉफीवर साय धरली होती.
खिडकीबाहेर, टेकडीवर, पांढरे ठिपके.
इतक्या लांबून सगळे आपलेच वाटतात.