डिपिंग

मणेराजुरीच्या मळ्यात पालथ्या क्रेटवर उभी राहून
मी घड बुडवत होते.
मगात जीएचं पाणी. घड धरायचा, बुडवायचा,
हलकेच झटकायचा. पुढचा.
मालक सांगायचे, मोजून, कस्तुराबाई,
पीपीएम चुकला तर देठाचं लाकूड होतं.

क्रेट सरकला.
आधी मनगट टेकलं भुईला, मग मी.

मिरजेचा डॉक्टर पोरसवदा.
फोटो उजेडाला धरून म्हणाला,
पाळी जाऊन किती वर्षं झाली?
मोडलंय मनगट, आणि हा विचारतोय हे.
जावई दाराकडं बघायला लागला.
नऊ, म्हटलं.
मग तो म्हणाला, तेव्हापासून
हाडांची राखण करणारं एक पाणी आटलंय तुमचं.

नऊ वर्षं मला वाटत होतं, सुटले.

पण जुळेल, म्हणाला.
झोप नीट घ्या.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते,
रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत
ती वाढीचा रस सोडते रक्तात.
आता कमी, पण सोडते.

किती पीपीएम? मी विचारलं.
तो हसला, मग हसायचा थांबला.
पीपीएमच्या हजाराव्या हिश्शात मोजतात, म्हणाला.

इतकं कमी कोण कालवतं?

सहा आठवडे. टोळी माझ्यावाचून
सावळजकडं गेली, हजेरी बुडाली.
प्लास्टरच्या आत मुंग्या, विणायची सुई घालून खाजवलं.
रात्री बेदाण्याचा ट्रक गेला की जाग यायची,
वाटायचं, आतली बाई दचकली असेल,
तिच्या हातातला मग हिंदकळला असेल.
डोळे मिटून पडून राहायचे,
तिचं काम अडायला नको म्हणून.

तिला कुणी हजेरी देत नाही.
तिच्या औषधाची पावती नाही,
मालकाच्या कपाटात असते तशी बाटलीही नाही.
कुठल्या हाडाला किती, हे तिला
कुणी शिकवलं, ते डॉक्टरलाही
नीट सांगता आलं नाही.

प्लास्टर कापलं तेव्हा हात वाळलेला,
केस वाढलेले, वास येत होता.
मनगटावर बोटाला लागते अशी गाठ.
डॉगरिजच्या खुंटावर कलम बसलं
की तिथं वेल फुगतो ना, तशी.
बागायतदार त्या गाठीवरून हात फिरवून
बघतात, कलम धरलं का.

मीही फिरवते. क्रेटवर चढत नाही आता.
खालचे घड माझे.