मशिनीचा जावई

जुफेरच्या या दाराशी मी चार वर्षं उभा आहे.
आधी नुसता उभा होतो,
आता मशीन घेऊन.

वस्ताद म्हणायचे, तोंड बघू नको, पाय बघ.
चवड्यावर वजन आलं की गडी अंगावर येणार.
तेवढ्या विद्येवर मी मनामात भाकरी खाल्ली.
कोण नाचायला आलाय, कोण भांडायला,
पायरी चढायच्या आत कळायचं मला,
आणि त्याचा, खोटं कशाला सांगू, ताठा होता.

मग एक आला. पॉलिशचे बूट, सावकाश चाल.
मला थँक्यू म्हणून आत गेला.
अर्ध्या तासात डंबर थापाचा हात
फुटक्या ग्लासानं कोपरापासून मनगटापर्यंत उसवलेला.
सतरा टाके.
सगळे म्हणाले, पांढरा शर्ट होता.
आत चाळीस पांढरे शर्ट होते.
पोलिसानं मला विचारलं, नाव?
मी म्हणालो, साहेब, पाय चांगले होते त्याचे.

त्यानंतर मालकानं हे आणलं.
डब्याच्या झाकणाएवढं.
कार्ड ठेवायचं, ते वाचतं, हिरवं होतं.
कुणाचा मेहुणा, कुणाचा मॅनेजर, त्याला ठाऊक नाही.
आणि एक पाहिलंय मी,
नाव नोंदवून आलेला माणूस
ग्लाससुद्धा जपून धरतो.
थापा आता आत गल्ल्यावर बसतो,
डाव्या हातानं सुटे मोजतो.
गिऱ्हाइकं विचारतात, हे सगळं जातं कुठं?
तीस दिवस राहतं, मग पुसतं, मी सांगतो.
मला सांगितलंय तेच सांगतो.

परवा गुरुवारी जहाजावरची पोरं आली.
चौघं हिरवे. पाचव्याला लाल.
पासपोर्टातलं सगळं पडद्यावर आलं:
शार्दूल बबन लेंगरे. जन्मगाव आटपाडी.
एकवीसला बारा दिवस कमी.

आटपाडी.
माझ्या आत्याचं गाव. तिथल्या मैदानात
मी दोनदा चीतपट झालोय.
ओठावर आलं होतं, कुणाचा रं तू?
पण दारात कुणाशी ओळख काढायची नाही,
हा नियम माझाच, मशीन यायच्या आधीचा.
म्हणालो, सॉरी सर. नॉट टुनाइट.

तो पायरी उतरला. वळला.
मला काही कळणार नाही या खात्रीनं
मोकळ्या गळ्यानं म्हणाला,
"तुझ्या बैलाला ढोल रं,
मशिनीच्या जावया!"

चार वर्षांत
मॅडमनी, शेखांच्या ड्रायव्हरांनी, गोऱ्या खलाशांनी
शिव्या दिल्या असतील शंभर,
सगळ्या अंगावरून गेल्या.
ही एकटी आत शिरली
आणि बसली मांडी घालून.
मी तोंड दगडासारखं ठेवलं,
मोडलेले कान तेवढे गरम झाले.

मशिनीत भरायचं असतं, का परतवला.
दोनच खाने: वय. वर्तन.
मी वय दाबलं.

पोरगा रस्त्यापलीकडे कठड्यावर बसला,
मित्र बाहेर येईस्तोवर, दोन वाजेपर्यंत.
थापाच्या हाती त्याला चहा पाठवला.
कोण पाठवतंय, सांगू नको म्हणालो.

तीस दिवसांनी शार्दूल लेंगरे पुसला जाईल,
त्याच्या आत एकवीस पूर्ण होऊन
कुठल्यातरी बंदरावर तो हिरवा होईल.
मी मात्र रात्रपाळी संपवून
खोलीवरच्या बारा खाटांमधून वाट काढत
आरशासमोर उभा राहतो, हळूच म्हणून बघतो:
मशिनीच्या जावया.
त्याच्यासारखा हेल
अजून येत नाही.